परभणीची गोळी, नांदेडची गोळी

बरगडीवरची आग

नागीण बरी झाली असं सगळेच म्हणत होते. फोड वाळले, खपल्या गळून गेल्या, उजव्या कुशीत बरगडीच्या खाली तांबूस डाग तेवढे राहिले. पण त्या डागांखालची आग काही विझली नाही. सदरा घासला तरी जीव कळवळायचा. सगळ्यात वाईट जानवं. सुताचा धागा तो, त्याचं वजन ते काय असणार? पण नेमका त्या जागेवरून जाणार आणि टेकला की तापल्या सळईने कोणी रेघ ओढल्यासारखं होणार. शेवटी मी ते माळेसारखं गळ्यात घालायला लागलो.

मी भिक्षुकी करतो. पिंगळीला घर, आजूबाजूच्या गावांतली लग्नं, वास्तुशांती, श्राद्धं, सत्यनारायण. वैशाख म्हणजे आमचा हंगाम. त्या हंगामात उघड्या अंगाने होमापुढे बसायचं, आणि बरगडीत हे असं. परभणीच्या कातडीच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी नीट तपासलं, कापसाचा बोळा फिरवून पाहिला. मी ओरडलो तेव्हा म्हणाले, "नस दुखावली आहे महाराज. फोड जातात, नस लवकर शांत होत नाही. यासाठी वेगळी कॅप्सूल देतो."

लिहिता लिहिता त्यांनी विचारलं, "बीपी आहे?"

"नाही."

"शुगर?"

"नाही."

दोन्ही उत्तरं खरी होती. त्यापुढचं त्यांनी विचारलं नाही आणि मलाही सुचलं नाही. बाहेर रांग होती.

नांदेडची गोळी

पंचविशीत माझं डोकं फिरलं होतं. आमच्या भागात असंच म्हणतात, मीही तसंच म्हणतो. कित्येक रात्री झोपलो नाही. भराभर बोलायचो, मला सगळं कळतंय असं वाटायचं, अनवाणी पोखर्णीच्या वाटेला लागायचो आणि भेटेल त्याला मुहूर्त सांगत सुटायचो. माझे थोरले भाऊ श्रीपाददादा तेव्हा परभणीला कोर्टात नुकते लागले होते. त्यांनीच मला धरून रेल्वेत बसवलं आणि नांदेडला मनाच्या आजाराच्या डॉक्टर मॅडमकडे नेलं. त्यांनी गोळी सुरू केली आणि मी माणसांत आलो. लग्न झालं. अंजलीच्या माहेरी आधी सगळं सांगूनच झालं. मुलगी मुक्ता दोन-अडीच वर्षांची असताना मला वाटलं, आता कशाला गोळी, आणि मी बंद केली. पुन्हा तेच झालं. त्या खेपेला अंजलीने सगळं डोळ्यांनी पाहिलं. तेव्हापासून आजपर्यंत गोळी चुकवलेली नाही. सकाळी संध्या, रात्री गोळी. इतकी अंगवळणी पडली की ती औषध आहे हेच विसरून गेलो होतो.

म्हणजे गंमत पाहा. एक डॉक्टर नांदेडला, एक परभणीला. त्यांची एकमेकांना ओळख नाही. आणि मधे मी, पिंगळीला.

सुखाची झोप

कॅप्सूल घेतली त्या रात्री मी गाढ झोपलो. फाल्गुनापासून कूस बदलली की जाग येत होती. सकाळी अंजली म्हणाली, "आज किती दिवसांनी घोरलात हो." आम्ही दोघं हसलो. आग पूर्ण गेली नव्हती, पण लांब गेल्यासारखी वाटत होती, पलीकडच्या गल्लीत कोणी भांडतंय तशी.

मग हळूहळू बाकीचं सुरू झालं. तोंड असं कोरडं पडायचं की जीभ टाळूला चिकटायची. पोट साफ होईना. उठून उभा राहिलो की डोळ्यांपुढे अंधारी. एकदा ओसरीच्या पायरीवरून घसरलो. दवाखान्यात फोन केला, तिथल्या मुलीने विचारून सांगितलं, "सुरुवातीला गुंगी येते, सवय होईल." पुढच्या खेपेला डॉक्टरांनी विचारलं, आग किती कमी आहे? मी म्हणालो, निम्मी. त्यांनी कॅप्सूल वाढवून दिली. त्यांचंही चुकलं असं मला वाटत नाही. त्यांच्यासमोर नागिणीच्या दुखण्याने बेजार झालेला एक धडधाकट माणूस बसला होता.

माधवरावांची वास्तुशांत

पोखर्णीच्या बाजूला माधवराव म्हणून आमचे जुने यजमान आहेत. त्यांनी शेतात नवं घर बांधलं. मांडव गच्च, उन्हाने अंगाची नुसती लाही. मी संकल्पाला बसलो. आचमन झालं. 'विष्णुपदे' म्हटलं आणि थांबलो. पुढे काय ते येईना.

हा संकल्प मी मुंजीनंतर वडिलांजवळ बसून शिकलो. झोपेत उठवून विचारलं तरी म्हणेन. पण त्या दिवशी डोक्यात नुसतं पांढरं झालं होतं. गोदावरीचा दक्षिण तीर की उत्तर तीर, संवत्सर कोणतं, काहीच आठवेना. माधवराव आणि त्यांची बायको हातात पाणी घेऊन माझ्या तोंडाकडे बघत बसलेले. मी काहीतरी म्हटलं. शब्द जड, लोळत बाहेर पडला. मागून बायकांच्यात कुजबुज झाली.

"महाराज घेऊन आले का काय गं?"

"न्हाई बाई. त्यांचं जुनं हाय. डोस्क्याचं."

मी थेंबाला शिवलेलो नाही. तरी खरं सांगतो, पहिलं वाक्य ऐकून मला काही वाटलं नाही. दुसरं मात्र झोंबलं. कारण मलाही तेच वाटायला लागलं होतं.

समिधा घ्यायला उठलो आणि पाय गेले. कुंडाच्या बाजूलाच कोसळत होतो, माधवरावांनी दोन्ही हातांनी धरलं म्हणून वाचलो.

"ऊन लागलं असंल," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं मोठ्याने म्हणाले. "लिंबूपाणी आना रे. महाराज, तुमी पडा जरा. बाकीचं आमी बगतो."

पिंगळीपर्यंत त्यांनी मला आपल्या गाडीने सोडलं. वाटेत मी पुन्हा पुन्हा तेच विचारत होतो, "संकल्प झाला का हो?" आणि ते दर वेळी म्हणत होते, "झाला महाराज. लय चांगला झाला."

आणखी एक गोळी

त्या दिवशी संध्याकाळच्या आत दादा आले. खबर त्यांच्यापर्यंत कशी पोचली कोण जाणे. मी पलंगावर पडलेलो. दादांनी माझ्या डोळ्यांत पाहिलं, नाव विचारलं, वार विचारला. वार मी चुकीचा सांगितला.

"उलटलं हे," दादा म्हणाले.

नांदेडला फोन लावला. मॅडम परगावी गेलेल्या, सोमवारी येणार. दादांना आठवत होतं ते असं, की मॅडमनी पूर्वी कधीतरी सांगून ठेवलं होतं, त्रास वाढतोय वाटलं तर मी येईपर्यंत गोळी थोडी वाढवा.

"तेव्हाचं वेगळं होतं हो दादा," अंजली म्हणाली. "तेव्हा यांना झोप नव्हती. डोळ्याला डोळा लागत नव्हता. आता तर झोपच झोप आहे. बोलता बोलता झोपायलेत."

"आजार काय दर वेळी एकाच तोंडानं येतो का?"

"मग परभणीला दाखवू या की आजच."

दादांनी एकदा दाराकडे पाहिलं. मग आवाज खाली आणून म्हणाले, "अंजली, मुक्ताचं जमत आलंय. लातूरची माणसं पुढच्या महिन्यात येतो म्हणालेत. आत्ता दवाखान्यात नेलं की गावभर होईल. सोमवारपर्यंत घरातच सांभाळू. गोळी वाढवू. मागं याच गोळीनं तर बरा झाला ना?"

मला हे सगळं ऐकू येत होतं. दादांवर राग धरू नका. त्यांनी मला एकदा हातातून निसटताना पाहिलं होतं आणि त्या गोळीनेच परत मिळवून दिलं होतं. ज्या दोरीने एकदा विहिरीतून माणूस वर काढला, तीच दोरी माणूस दुसऱ्यांदा टाकतो. मला तर त्यांच्याहून जास्त भीती वाटत होती. नागिणीची आग परवडली, पण ते पुन्हा नको. दादांनी गोळी पुढे केली आणि मी घेतली. वर माझी नेहमीची गोळी होतीच, परभणीची कॅप्सूलही होती. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा एक दिली.

त्याच सकाळी मला लघवी होईना. पोट खाली दगडासारखं झालं होतं. ते सांगायचं होतं, पण शब्द तोंडापर्यंत येऊन परत फिरायचे.

दुपार

त्या दुपारचं मला तुकड्यातुकड्यांत आठवतं, बाकीचं अंजलीने सांगितलेलं.

जेवणं झाल्यावर ती माझ्याजवळ बसली होती. मी घोरत होतो. घोरणं मधेच थांबायचं. थांबायचं म्हणजे एकदम थांबायचं, आणि मग बऱ्याच वेळाने मोठा आवाज करून श्वास सुरू व्हायचा. तिने माझ्या छातीवर हात ठेवला. पुढचा श्वास येईना. तिने मला गदागदा हलवलं तेव्हा तो आला. ओठ काळपट पडले होते. तोंडावर पाणी मारलं तर डोळे उघडले आणि लगेच मिटले.

दादा म्हणाले, "झोपू दे त्याला. झोपेनंच उतरतं हे."

"ही झोप नाही, दादा."

एवढंच बोलून ती बाहेर गेली. शेजारच्या जीपवाल्याला हाक मारली. मग आत येऊन कपाटातल्या, उशाखालच्या, देवघराच्या फळीवरच्या, जिथे म्हणून माझ्या गोळ्या होत्या त्या सगळ्या एका पिशवीत भरल्या. लातूरच्या माणसांचं नाव तिने काढलं नाही आणि दादांनीही काढलं नाही.

जीपमध्ये माझं डोकं तिच्या मांडीवर होतं. रस्ताभर ती माझ्या गालावर चापट्या मारत होती. "ऐकायलात का? माझं नाव सांगा. सांगा माझं नाव." मला ते लांबून, पाण्याखालून ऐकल्यासारखं येत होतं. अंजली, अंजली, असं मी म्हणत होतो. माझ्या मते अगदी स्पष्ट म्हणत होतो. ती सांगते, ओठसुद्धा हलले नव्हते.

वाटेत रेल्वेचं फाटक बंद होतं. मालगाडी जात होती. तेवढ्या वेळात माझा श्वास दोनदा थांबला आणि दोन्ही वेळा तिने उजव्या बरगडीवर, त्या आगीच्या जागेवर बोटं रुतवून मला दुखवलं. मी कण्हलो की श्वास यायचा. तिला दुसरं काही सुचलं नाही, ती म्हणते. आजही हे सांगताना तिला रडू येतं.

"मुद्दाम घेतल्या का?"

परभणीला दवाखान्यात पोचताच नाकाला ऑक्सिजन लावला. तरुण डॉक्टर होते. बोटाला चिमटा लावून आकडा पाहिला आणि भराभर प्रश्न विचारायला लागले. दादांनी सांगितलं, जुना मानसिक आजार आहे.

डॉक्टरांचा चेहरा बदलला. अंजलीला बाजूला घेऊन त्यांनी विचारलं, "ताई, खरं सांगा. यांनी गोळ्या मुद्दाम जास्त घेतल्या का? घरात काही झालं होतं का? तसं असेल तर पोलिसांना कळवावं लागतं."

मी शुद्धीत नसताना काय काय झालं असेल ते सगळं मी समजू शकतो, पण हे नाही. नवरा श्वास घेत नाही, आणि आपण त्याच्या मरायच्या इच्छेबद्दल उत्तर द्यायचं.

"नाही," ती म्हणाली. "आम्ही दिल्या. आम्हीच दिल्या."

तेवढ्यात मोठ्या डॉक्टर आल्या. पन्नाशीच्या, चष्मा कपाळावर सरकवलेला. त्यांनी माझ्या डोळ्यांत बॅटरी मारली, पोट दाबून पाहिलं आणि म्हणाल्या, "लघवी तुंबलीय यांची. नळी घाला आधी." मग अंजलीकडे वळून म्हणाल्या, "कोणत्या गोळ्या?"

अंजलीने पिशवी टेबलावर उपडी केली. डॉक्टरांनी एकेक पाकीट उचलून वाचलं. कॅप्सूलचं पाकीट एका हातात, रात्रीच्या गोळीचं दुसऱ्या.

"हे दोन्ही बरोबर कोणी सुरू केलं?"

"कोणीच नाही, मॅडम," अंजली म्हणाली. "ही नांदेडची आहे, ती परभणीची."

डॉक्टरांनी दोन्ही पाकिटं शेजारी शेजारी ठेवली. मग स्टूल ओढून बसल्या. "आता पहिल्यापासून सांगा. नागीण कधी झाली? कॅप्सूल कधी वाढवली? आणि हे बोलणं जड कधीपासून?"

अंजलीने सांगितलं. वर म्हणाली, "यांचं डोकं फिरतं तेव्हा हे झोपत नाहीत, मॅडम. बोलणं थांबत नाही. हे तसं नाही. मी तेही पाहिलंय."

"हे तसं नाहीच," डॉक्टर म्हणाल्या.

काय झालं होतं

तिसऱ्या की चौथ्या दिवशी मी पूर्ण शुद्धीवर होतो. मोठ्या डॉक्टर राउंडला आल्या आणि माझ्या खाटेशी थांबल्या.

"महाराज, एक गोष्ट नीट ऐका. तुमचा जुना आजार उलटलेला नाही."

मी तोंडावर उपरणं घेतलं. वॉर्डात सगळ्यांसमोर रडलो. बाकीचं त्या काय म्हणाल्या ते अंजलीने ऐकून ठेवलं, मी नंतर ऐकलं.

थोडक्यात असं. माझ्या कॅप्सूलमध्ये नसांच्या दुखण्याची दोन औषधं होती, प्रेगाबालिन आणि नॉरट्रिप्टिलिन. नांदेडची गोळी ओलान्झापिन. तिन्ही औषधं चांगली आहेत. पण तिघांचाही एक स्वभाव सारखा, मेंदूला गुंगी आणण्याचा. एकेकट्याने आली तर माणूस सुस्तावतो. एकत्र आली, त्यात एक वाढली, वर दुसरीही वाढवली, तर मेंदू श्वास घ्यायचीही आठवण उशिरा करून द्यायला लागतो. त्यातल्या दोघांमुळे तोंड कोरडं, पोट बंद, लघवी तुंबणं, आणि भ्रमसुद्धा. उठताना अंधारी आली तीही त्यातलीच. हृदयाच्या ठोक्यांवरही परिणाम होऊ शकतो, म्हणून रोज छातीला तारा लावून पट्टी काढत होते.

"म्हणजे संकल्प मी गोळीने विसरलो?" मी विचारलं.

"गोळ्यांनी," त्या म्हणाल्या.

बाजूच्या खाटेवर देवगाव फाट्याचे एक म्हातारे होते, दम्याचे. त्यांना माझ्याबद्दल फार कुतूहल. "महाराज, तुमाला काय झालं म्हनायचं?"

पहिल्यांदाच कोणा परक्याला मी सगळं सांगितलं. जुना आजारही. शेवटी म्हणालो, "दोन गावच्या गोळ्या पोटात एकमेकींना भिडल्या, बाबा."

त्यांनी मान हलवली. "दोन सुनांचं असंच असतंय. एकएकटी बगितली तर लय गुनाची."

खोकत खोकत ते हसले, मी हसलो, हसताना बरगडी पेटली.

दुसरी भीती

ती पेटणारच होती. कॅप्सूल बंद केली होती, नांदेडची गोळीही काही दिवस थांबवली होती. आग पूर्वीच्या जोराने परत आली. चादरसुद्धा सहन होईना. आणि झोप गेली.

झोप गेली म्हटल्यावर आम्ही दोघं धास्तावलो. आमच्या घरात झोप जाणं म्हणजे काय हे आम्हालाच माहीत. पहाटे उजाडायला लागलं तेव्हा अंजली खाटेच्या कडेला बसून माझ्याकडे बघत होती. तिची ती नजर मला ओळखीची होती. मुक्ता लहान असताना ती अशीच बघायची.

"डोक्यात काही पळायलंय का?" तिने विचारलं.

"नाही."

"खरं सांगा."

"नुसतं दुखायलंय, अंजली. दुखतंय म्हणून झोप नाही."

तिने विश्वास ठेवावा असं मला फार वाटत होतं. पण मी स्वतःवर ठेवत होतो का? दिवसभर मी स्वतःच्या मनावर पाळत ठेवून होतो. जरा जास्त बोललो की गप्प व्हायचो. सिस्टरशी विनोद केला तर वाटायचं, हे विनोद सुचणं बरं लक्षण नाही. अशी पाळत फार थकवते. दुखण्यापेक्षा जास्त.

मोठ्या डॉक्टरांनी नांदेडच्या मॅडमना फोन लावला. त्या परत आल्या होत्या. या डॉक्टर माझ्या खाटेजवळ उभं राहूनच बोलल्या, मला ऐकू जाईल असं. मग फोन माझ्या कानाला लावला. मॅडमचा आवाज आता म्हातारा झालाय. म्हणाल्या, "दिगंबर, घाबरू नकोस. तुझी गोळी कायमची बंद होणार नाही. आज रात्री थोडीशी सुरू करू. आणि यापुढे नवी गोळी तोंडात टाकण्याआधी मला फोन. साध्या खोकल्याची असली तरी."

परभणीच्या कातडीच्या डॉक्टरांनाही मोठ्या डॉक्टरांनी कळवलं. ते स्वतः वॉर्डात येऊन गेले. "मी विचारायला हवं होतं," एवढंच. मग बरगडीवर लावायची बधिर करणारी पट्टी त्यांनी सुचवली. ती लावली आणि कित्येक दिवसांनी चादर अंगावर घेतली. वॉर्डात पंखा आमच्या खाटेवर नीट यायचा नाही, तर तिथल्या मावशींनी खाट ओढून पंख्याखाली आणून दिली. अशा गोष्टी माणूस विसरत नाही.

दादा

अंजली आणि दादा यांच्यात व्हरांड्यात काय झालं ते मला कोणी सांगितलं नाही. मी फक्त एक वाक्य ऐकलं. अंजली म्हणत होती, "तुम्ही यांच्याकडं बघता तेव्हा तुम्हाला फक्त तेवढंच दिसतं, दादा. माणूस पडला तरी तेच, झोपला तरी तेच."

त्यानंतर दादा आले नाहीत. डबा यायचा, त्यांची सून घेऊन यायची. घरी सोडायच्या दिवशी आले. माझ्याशी बोलताना खिडकीबाहेर बघत होते.

"मी तुला मारलं असतं," ते म्हणाले.

"दादा, मला रेल्वेत बसवून नेलं ते कोणी?"

त्यांनी पिशव्या उचलल्या आणि जिन्याने पुढे निघाले. अंजलीने त्यांच्या हातातली एक पिशवी काढून घेतली. दोघं शेजारी शेजारी जिना उतरले. अजूनही दोघांचं पूर्वीसारखं नाही. होईल.

लातूरच्या माणसांचा फोन आला तेव्हा अंजलीने स्वतः सांगितलं, जुना आजार, चालू गोळी, झालेला प्रकार, सगळं. दादा समोरच बसले होते, त्यांनी अडवलं नाही. ती माणसं 'कळवतो' म्हणाली आहेत. मुक्ता म्हणते, "कळवू दे नाहीतर नको. बाबा, तुम्ही जेवलात का?"

जे सांगायचं आहे

माझ्यासारखे पुष्कळ लोक आहेत. मनाच्या आजाराची गोळी वर्षानुवर्षं घेतात, चांगले जगतात, आणि ती गोळी कोणाला सांगत नाहीत. काही लाजेने, काही माझ्यासारखे विसरून. मग कंबर धरते, साखरेने तळपाय पेटतात, नागीण होते, आणि दुसऱ्या गावचा डॉक्टर नसांच्या दुखण्याची गोळी देतो. त्यांना माझं एवढंच सांगणं आहे, की डॉक्टरांनी विचारलं नाही तरी आपण सांगा. पाकिटं नेऊन दाखवा. औषधाच्या दुकानातही सांगा.

आणि हे वाचून घाबरून कुठलीच गोळी मनाने बंद करू नका. मी एकदा केली होती, त्याची किंमत माझ्या बायकोने भरली. आज मी पुन्हा दोन्हीकडची औषधं घेतो. नांदेडची गोळी पूर्ववत, नसांचं एकच औषध अगदी थोडं, दोन्ही डॉक्टरांना माहीत असून. तेही गुंगी आली, जीभ जड झाली, लघवी अडली तर लगेच फोन करायचा या अटीवर.

घरच्यांना एक वेगळं सांगतो. आमच्यासारख्या माणसाला काही झालं की पहिला संशय जुन्या आजारावर जातो. आमचाही तिथेच जातो. पण आम्हालाही ऊन लागतं, आम्हालाही औषध बाधतं. अंजलीने ओळखलं, कारण तिने माझा आजार नीट पाहिला होता आणि म्हणूनच हा तो नाही हे तिला कळलं.

परवा

आग अजून आहे. कमी आहे, पण आहे. डॉक्टर म्हणतात, वर्षभरही राहू शकते. काम थोडं सुरू केलंय, लहान पूजा घेतो, जवळच्या.

घरी आल्यापासून अंजली दुपारची आडवी होत नव्हती. मी पडलो की ती काहीतरी निवडत, टिपत जवळ बसायची. झोप लागली की तिचा हात माझ्या छातीवर यायचा. जाग आली की मी डोळे न उघडता पडून राहायचो, कारण उघडले की ती हात काढून घ्यायची आणि 'सहज' म्हणायची. मी कितीदा म्हणालो, आता मी बरा आहे, तू झोप. ती हो म्हणायची आणि बसून राहायची.

परवा जेवणानंतर मी ओसरीवर पंचांग पाहत होतो. आतून बराच वेळ काही आवाज आला नाही. डोकावलो. ती माझ्या पलंगावर आडवी झाली होती. अर्धी निवडलेली तूरडाळ सुपात, चष्मा डोळ्यांवर तसाच. तोंड किंचित उघडं. मी दारातच उभा राहिलो आणि मला स्वतःलाच हसू आलं, कारण मी तिची छाती वर-खाली होते का ते बघत होतो. होत होती. संथ, न थांबता.

तेवढ्यात पलीकडच्या गल्लीतला एक गृहस्थ आला. नातवाच्या बारशाचा दिवस काढायचा होता. दारातूनच मोठ्याने हाक मारली, "महाराज, हायेत का घरात?"

मी लगबगीने बाहेर गेलो, ओठांवर बोट ठेवलं.

"हळू बोला," मी म्हणालो. "झोपलीय ती."

तो घाबरला. "का बरं? तब्येत बरी न्हाई का त्यांची?"

"बरी आहे," मी म्हणालो. "चांगली झोपलीय."

आम्ही ओसरीच्या टोकाला जाऊन बसलो आणि कुजबुजत बारशाचा दिवस काढला.